गोतात घेणे

वांगणी मागे पडली, की कर्जतकडे जाणारी गाडी ठाणे जिल्ह्याची हद्द ओलांडून रायगड जिल्ह्यात शिरते आणि या बाजूचे पहिले स्थानक लागते ते आमच्या शेलूचे. पावसाच्या पहिल्या सरी पडून आठ-दहा दिवस झाले, म्हणजे स्थानकाच्या वाटेवर आसपासच्या वाड्यांतल्या ठाकर आणि कातकरी बाया शेवळांच्या जुड्या मांडून बसतात आणि शेजारीच हिरव्या काकडांचे लहान लहान वाटे लावतात. कारण शेवळाची भाजी काकडाच्या आंबटपणावाचून शिजविली तर घशाला खाजते, हे त्यांना ठाऊक असते आणि नव्याने राहावयास आलेल्या गिऱ्हाइकाला त्या ते आपण होऊन सांगतात. अशाच एका सकाळी डब्यात माझ्यासमोर बसलेली, डोंगर चढण्याच्या तयारीने निघालेली एक तरुण मुलगी आपल्या मैत्रिणीला गिर्यारोहकांच्या कोणा मंडळाविषयी मोठ्या उमाळ्याने सांगत होती. शाळेत, महाविद्यालयात, नोकरीत कोठेही आपले मन रमले नाही, परंतु या मंडळींबरोबर पहिल्याच रात्री किल्ल्यावर मुक्काम केला तेव्हा वाटले की आपण घरी आलो, असे सांगून ती शेवटी म्हणाली, “खरं सांगू, मला माझी ट्राइब सापडली.”

तिच्या बोलण्यातील सचोटी मनाला भिडणारी होती आणि त्या वाक्यात मला हसण्याजोगे काही आढळले नाही. मात्र गाडी शेलूला थांबली, मी उतरलो आणि त्या भाजीवाल्या बायांपुढे उभा राहिलो, तेव्हा मनात आले की ज्यांना सरकारी दफ्तर खरोखरीच ‘ट्राइब’ म्हणून नोंदविते त्या या बाया त्या मुलीपासून हातभर अंतरावर बसलेल्या होत्या, आणि तोच शब्द एकीच्या तोंडी मनासारखी माणसे मिळाल्याचा आनंद सांगत होता, तर दुसऱ्यांच्या वाट्याला कचेरीतील एका रकान्याच्या रूपाने आला होता. इंग्रजीत हल्ली सर्रास वापरला जाणारा हा वाक्प्रचार मराठी तरुणांच्याही जिभेवर रुळला आहे. त्या अर्थी त्याच्या मुळाशी असलेल्या शब्दाचा प्रवास आणि तोच भाव सांगण्यासाठी आपल्या भाषेने कोणते शब्द घडविले याचा विचार, ज्या मुलखात जमाती आजही आपल्या नावाने नांदत आहेत त्या कर्जत-खालापूरच्या मातीवर उभे राहून करणे उचित होईल.

‘ट्राइब’ हा शब्द लॅटिन भाषेतील ‘त्रिबुस’ या शब्दापासून निघाला. प्राचीन रोमच्या परंपरेनुसार तेथील प्रजेचे आरंभी तीन विभाग होते आणि या शब्दाचा संबंध ‘तीन’ या संख्येशी अनेक विद्वान जोडतात, जरी त्याविषयी एकमत नाही. पुढे राज्य वाढले तसे विभागही वाढले आणि इ. स. पूर्व २४१ मध्ये त्यांची संख्या ३५ झाली. ती मात्र त्यानंतर कायम राहिली. रोमचा नागरिक या पस्तिसांपैकी एका विभागाच्या यादीत नोंदलेला असे, त्याच विभागातून तो मतदान करी आणि कर, शिरगणती, सैन्यभरती यांचा हिशेबही त्या विभागवारीने ठेविला जाई. ‘ट्रिब्यून’ हा अधिकारी आणि ‘ट्रिब्यूट’ ही खंडणी हे शब्द याच कुळातले. म्हणजे ज्या शब्दाला आज रानावनाचा, रक्तसंबंधाचा आणि आदिम जिव्हाळ्याचा वास येतो, तो जन्माला आला एका महानगराच्या पटावर. इंग्रजीत तो रुजला बायबलातील इस्राएलाच्या बारा कुळांसाठी. आणि युरोपीय लोक समुद्रापलीकडच्या मुलखांवर राज्य करू लागले तेव्हा ज्यांचा राजा, ग्रंथ आणि लेखी कायदा त्यांना दिसला नाही अशा सर्व समाजांवर त्यांनी तो सरसकट लादला.

त्या शब्दाला आताचा कोमल अर्थ मिळाला तो अगदी अलीकडे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मिशेल माफेझोली यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की आधुनिक नगरातील माणूस एकाकी होत चालला आहे हे म्हणणे अपुरे असून आवड, पेहराव, संगीत, खेळ अशा निमित्तांनी तो नव्या, सैल, भावनेने बांधलेल्या टोळ्या निर्माण करीत आहे. आणि २००८ साली अमेरिकन लेखक सेथ गोडिन यांनी हाच शब्द व्यवसायाच्या आणि नेतृत्वाच्या चर्चेत लोकप्रिय केला. जन्माने मिळालेल्या नात्यांत ज्याला श्वास घेता आला नाही, त्याने स्वतः शोधून काढलेले आपले लोक, हा त्याचा आजचा आशय आहे. त्यामागील गरज खरी आहे आणि ज्यांनी घरच्या माणसांतच परकेपणाची वर्षे काढली आहेत त्यांना ती समजावून सांगावी लागणार नाही.

मराठीत या इंग्रजी शब्दासाठी आपण जो शब्द योजितो त्याचीही कुळकथा ऐकण्यासारखी आहे. ‘जमात’ हा अरबी शब्द फारशीच्या मार्गाने आपल्याकडे आला. त्याच्या धातूचा अर्थ एकत्र करणे, गोळा होणे. जमा, जमाव, जमाखर्च ही त्याची भावंडे, आणि महसुलाच्या कारभारात दर साल होणारी जमाबंदीही त्याच घरची. मामलेदाराच्या कचेरीत सारा गोळा होई तोही ‘जमा’ आणि चार माणसे गोळा होत तोही ‘जमाव’. स्वतंत्र भारताची घटना तयार होत असताना घटनासमितीत जयपालसिंग मुंडा यांनी आपल्या लोकांचा उल्लेख ‘आदिवासी’ याच शब्दाने व्हावा असा आग्रह धरला होता. हा शब्द त्यापूर्वीच्या दशकात सार्वजनिक व्यवहारात आला होता आणि ठक्करबाप्पांसारख्या सेवकांनी त्याचा प्रसार केला होता. घटनेच्या हिंदी भाषेत ‘जनजाति’ आले, मराठी राज्यकारभारात ‘अनुसूचित जमाती’ स्थिर झाले, आणि लोकांच्या तोंडी मात्र ‘आदिवासी’ राहिले. आमचे मालवणचे समाजशास्त्रज्ञ डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ साली तर ‘आदिवासी’ ही वेगळी कोटी मानण्यालाच हरकत घेणारा ग्रंथ लिहिला. या माणसांना काय म्हणावे याविषयी थोर विद्वानांत असा वाद चालला होता. त्यांना स्वतःला काय म्हणवून घ्यावयाचे आहे, हा प्रश्न त्या वादात फार क्वचित विचारला गेला.

आता या मुलखातील जमातींकडे वळू. माथेरानच्या डोंगराच्या पायथ्यापासून भीमाशंकरच्या कड्यापर्यंत पसरलेल्या कर्जत तालुक्यात आणि त्याच्या दक्षिणेकडील खालापुरात ठाकर आणि कातकरी यांच्या वाड्या विखुरलेल्या आहेत. शेलूपासून दोन स्थानकांवर असलेल्या बदलापूरचे एक सुपुत्र नारायण गोविंद चापेकर यांनी १९३३ साली ‘बदलापूर’ हा ग्रंथ लिहून एका गावाची घरे, जाती, रीती, भाषा आणि व्यवहार यांचा असा काही तपशीलवार लेखाजोखा मांडला, की मराठीत त्याला जोड नाही. आणि लक्ष्मण नारायण चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकरांवरील इंग्रजी ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. ठाकरांत ‘क’ ठाकर आणि ‘म’ ठाकर असे दोन भेद आहेत, त्यांच्यात रोटीबेटीचे वेगळेपण पाळले जात आले, आणि डोंगराच्या उतारावर नाचणी-वरी पिकविणारा, आपल्या वाडीला धरून राहणारा हा समाज आहे.

कातकऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांचे नावच त्यांच्या धंद्यावरून पडले. खैराचे जून झाड तोडून त्याच्या गाभ्याच्या लहान लहान ढलप्या काढावयाच्या, मातीच्या मडक्यांत त्या तासन् तास उकळावयाच्या, उतरलेला तांबडा अर्क आटवून घट्ट करावयाचा आणि थंड झाल्यावर त्याच्या वड्या पाडावयाच्या, हा कात. आपल्या विड्याला रंग येतो तो यानेच. कात करणारे ते कातकरी. ‘कातवडी’ हेही त्यांचे एक नाव ऐकू येते, परंतु ते इतरांच्या तोंडी हेटाळणीच्या सुरात इतक्या पिढ्या वापरले गेले आहे की सभ्य माणसाने ते टाळावे. १८७८ साली भारतीय वन अधिनियम झाला, जंगले राखीव ठरली, खैराला कुऱ्हाड लावणे हा गुन्हा झाला आणि पाहता पाहता ज्या धंद्याने नाव दिले तो धंदा संपला. त्याच साली मुंबई इलाख्यात अबकारीचा कायदा होऊन मोहाच्या दारूवरही सरकारचा हात पडला. मला या ठिकाणी नेहमी थबकावयास होते. सुताराचे रंधा-पटाशी गेले तरी तो दुसऱ्याच्या कारखान्यात का होईना लाकूडच तासतो. पण ज्याने दीड शतकापूर्वी कात केला त्याचा पणतू आज कातकरी म्हणवितो, आणि खैराचा गाभा कसा ओळखावा हे त्याला कोणी शिकविलेले नसते.

आज हा समाज महाराष्ट्रातील तीन विशेष दुर्बळ ठरविलेल्या जमातींपैकी एक आहे. कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. पहिल्या पावसात ओढे उलटे वाहू लागल्यासारखे मासे चढतात, ती वलगण पकडणारे, चिंबोऱ्या धरणारे, कंद ओळखणारे हे हात दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर राबतात. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा भट्टीमालकाकडून किंवा त्याच्या मुकादमाकडून उचल घ्यावी लागते, आणि ती फेडण्यासाठी नवरा, बायको आणि मुले अशी अख्खी कुटुंबे सहा-सात महिने भट्टीवरच्या झोपडीत राहतात. मुलाच्या शाळेचे वर्ष यात मधोमध चिरले जाते. कशेळ्याच्या ‘अकादमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स’ या संस्थेशी संबंधित अभ्यासकांनी आणखी एका दुखण्याकडे लक्ष वेधले आहे: कित्येक कातकरी वाड्या पिढ्यान् पिढ्या जेथे वसल्या आहेत ती जमीन सात-बाऱ्यावर दुसऱ्याच कोणाच्या खात्यात आहे. पूर्वी जमीनदाराला शेतावर राबणारी माणसे जवळ हवी होती म्हणून त्याने वस्ती होऊ दिली. आता मुंबई जवळ आली, जमिनीला सोन्याचे मोल आले, आणि गावठाणाच्या नकाशात न बसलेली ती वाडी एका तारेच्या कुंपणाने वेढली जाऊ लागली. जिची माणसे शंभर वर्षे एका ठिकाणी राहिली ती वाडी कागदावर कोठेच राहत नाही. याहून मोठा अन्याय या तालुक्यात मला ठाऊक नाही, आणि गावठाण मंजूर करण्याचे अधिकार ज्यांच्या हाती आहेत त्यांनी हे काम इतर सर्व कामांच्या आधी हाती घ्यावे असे मला कळकळीने वाटते.

रोमच्या यादीप्रमाणेच येथेही ‘ट्राइब’ हा शेवटी दफ्तराचा शब्द आहे, हे जात-प्रमाणपत्राच्या इतिहासावरून ध्यानात येते. अनुसूचित जमातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० रोजी निघाला. म्हणून महाराष्ट्रात जमातीचा दाखला मागणाऱ्याला त्या दिवसापूर्वीचा आपल्या वाडवडिलांचा पुरावा दाखवावा लागतो: शाळेच्या पटावरील नोंद, जन्म-मृत्यूची नोंद, महसुली कागद. ठाकरांच्या बाबतीत तर पूर्वी ही मान्यता जिल्ह्याजिल्ह्यांतील नावनिशीवार सांगितलेल्या तालुक्यांपुरतीच होती, आणि कर्जत व खालापूर ही त्यांत होती. माणूस तोच, पण त्याने तालुक्याची शीव ओलांडून यादीबाहेरच्या तालुक्यात वस्ती केली की कायद्याच्या दृष्टीने त्याची जमात मागे राहिली. १९७६ च्या सुधारणा-कायद्याने हे क्षेत्रबंधन काढून टाकले. परंतु ‘ठाकूर’ हे आडनाव इतरही जातींत असल्यामुळे नामसादृश्याच्या आधारे दावे येऊ लागले आणि खरा कोण, खोटा कोण याचा निवाडा करण्याचे काम पडताळणी समित्यांकडे आले. १९९४ साली माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या समित्यांची कार्यपद्धती आखून दिली. तीत आप्तभावाची कसोटी होती: अर्जदाराला त्याच्या जमातीची दैवते, लग्नविधी, मृत्यूनंतरचे संस्कार, सण, बोली यांविषयी विचारावयाचे आणि उत्तरे मानववंशशास्त्राच्या नोंदींशी ताडून पाहावयाची.

क्षणभर ही कल्पना डोळ्यांपुढे आणावी. ज्याचा बाप रेल्वेत किंवा गिरणीत लागला, जो चाळीत वाढला, ज्याने आपल्या वाडीवरचा सण लहानपणी दोनदा पाहिला, असा एक विद्यार्थी प्रवेशाच्या मुदतीच्या आत आपण कोणाचे आहोत हे सिद्ध करण्यासाठी एका मेजासमोर उभा आहे, आणि कधीकाळी कोणा अभ्यासकाने टिपून ठेविलेल्या चालीरीती त्याला माहीत आहेत की नाहीत यावर त्याचे आप्तत्व ठरावयाचे आहे. या कसोटीची मर्यादा अखेर २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने स्पष्ट केली, आणि तीही आदिवासी ठाकूर जमातीच्याच एका समितीने दाखल केलेल्या प्रकरणात. स्थलांतर, शिक्षण, इतरांशी संपर्क यांमुळे जुनी लक्षणे पुसली जाऊ शकतात, तेव्हा आप्तभावाची कसोटी ही निर्णायक कसोटी मानता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. जुन्या नोंदी खऱ्या असतील तर त्या पुरेशा व्हाव्यात, ही त्यामागील भूमिका मला न्याय्य वाटते. मात्र कातकऱ्याचे दुःख याच्या अगदी उलट बाजूचे आहे. त्याच्या कातकरी असण्याविषयी गावात कोणालाही शंका नसते, तो चालत येताना दिसला तरी लोक ते ओळखतात. पण त्याचा आजा शाळेच्या पायरीवर चढलेला नसतो, म्हणून १९५० पूर्वीची नोंद आणावी कोठून?

इतका वेळ परभाषेतून आलेल्या दोन शब्दांविषयी बोललो. आपल्या भाषेच्या अंतरंगातून याच भावासाठी जो शब्द आला तो ‘गोत’. संस्कृत ‘गोत्र’ या शब्दाचा वेदकालीन अर्थ गाईंचा गोठा. एका गोठ्यात ज्यांच्या गाई ते एका गोत्राचे, असा त्याचा विस्तार झाला. मराठीत गोत, गोतावळा, सगेसोयरे-गोत, असे त्याचे रूप घरगुती झाले आणि त्याची व्याप्तीही रक्ताच्या पलीकडे गेली. शिवकालात आणि पेशवाईत ‘गोतसभा’ ही न्यायाची संस्था होती. वतनाचा वाद उपस्थित झाला की पाटील, कुळकर्णी, शेटे, महाजन, बलुतेदार, आसपासच्या गावचे वतनदार असे नाना जातींचे लोक एकत्र बसत, साक्षी-पुरावे ऐकत, आणि जो निवाडा होई त्याचा महजर लिहून त्यावर आपापल्या निशाण्या करीत, पाटलाचा नांगर, सुताराची पटाशी. हे सर्व मिळून ते ‘गोत’. येथे हा शब्द एका जातीचा राहिला नव्हता. तुला आम्ही ओळखतो, तू कोण हे आम्ही सांगू शकतो, असे म्हणणाऱ्या माणसांचा तो समुदाय होता. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ या म्हणीत झाडांनाही गोत आहे, आणि रान ज्यांच्या हातून गेले त्यांच्या मुलखात ही म्हण ऐकताना ती निव्वळ उपमा वाटत नाही.

या शब्दाचे क्रियापद पाहिले म्हणजे इंग्रजी वाक्प्रचाराशी त्याचा जो मूलभूत भेद आहे तो ध्यानात येतो. इंग्रजीत माणूस आपली ट्राइब शोधतो. शोधणारा कर्ता तो आणि सापडणारे ते. मराठीत माणसाला गोतात घेतात, पंक्तीस घेतात, आपला म्हणतात. आणि उलट वेळी वाळीत टाकतात. दोन्ही प्रसंगी कर्ता समाज असतो. याचे सर्वांत मोठे ऐतिहासिक उदाहरण खालापूर तालुक्यातील चौक या गावाशी नाते सांगणाऱ्या एका सेनानीचे आहे. नेतोजी पालकर हे शिवाजी महाराजांचे सरनोबत. १६६६ मध्ये ते स्वराज्य सोडून प्रथम विजापूरकरांकडे व मग मोगलांकडे गेले. महाराज आग्र्याहून निसटल्यावर औरंगजेबाने नेतोजींना कैद केले, १६६७ च्या आरंभी त्यांचे धर्मांतर होऊन ‘मुहम्मद कुली’ असे नाव पडले आणि त्यांची रवानगी दूर काबूलच्या बाजूला झाली. जवळजवळ नऊ वर्षांनी दक्षिणेच्या मोहिमेवर दिलेरखानाबरोबर पाठविले असताना ते तेथून निघून थेट रायगडास आले. १६७६ च्या जून महिन्यात प्रायश्चित्तविधी होऊन त्यांना पुन्हा स्वधर्मात घेण्यात आले.

या माणसाला आपण कोणाचे हे नऊ वर्षांच्या परदेशवासात कळले असेल, असे सहज म्हणता येते. त्याच्या मनाचा तो शोध असेलही. पण रायगडाच्या दरवाज्यापाशी येऊन उभा राहिलेला तो केवळ शोधणारा होता. आपले लोक त्याला सापडले होते. तो त्यांना सापडावयाचा होता. ज्याने रागाने पक्ष सोडला, ज्याने शत्रूची चाकरी केली, ज्याचे नाव आणि धर्म दोन्ही बदलले, त्याला ‘ये’ म्हणणारे कोणी नसते, तर काबूलपासून रायगडापर्यंतची ती सारी वाट वाया गेली असती. शिवचरित्रातील लढायांइतकाच हा प्रसंग मला थोर वाटतो, कारण येथे घेणाऱ्याचे औदार्य येणाऱ्याच्या पश्चात्तापापेक्षा कमी पडले नाही.

समाजाच्या हाती कर्तेपण असले म्हणजे त्याची काळी बाजूही आलीच. गावकीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकावयाचे, त्याच्याशी बोलणाऱ्याला दंड करावयाचा, त्याच्या दारच्या मयताला खांदा द्यावयास कोणी जावयाचे नाही, असे प्रकार रायगड जिल्ह्यात इतके घडत आले की सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्याने जो कायदा २०१६ साली केला आणि जो पुढील वर्षी अमलात आला, त्यामागे या जिल्ह्यातील तक्रारींचा मोठा वाटा होता. जी माणसे मंडळांतून, छंदांतून, शहरांतून आपली ट्राइब शोधीत फिरतात, त्यांच्यापैकी कित्येकांना कोणत्या तरी गोताने पंक्तीतून उठविलेले असते, हे आपण विसरू नये. आणि स्वतःच्या गोताबाहेर जाऊन दुसऱ्यांना आपले मानणारे लोकही याच मातीत झाले. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला नाभिक कुटुंबात जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल वकील झाले, पण त्यांनी आपले आयुष्य घातले ते डोंगरपायथ्याच्या शेतकऱ्यांत आणि आदिवासींत. त्यांच्या मुलांसाठी शाळा आणि सावकाराच्या वाढीदिढीतून सुटण्यासाठी धान्यकोठ्या त्यांनी काढल्या. १९४२ च्या लढ्यात ते भूमिगत झाले, विजेचे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याचे नेतृत्व त्यांनी केले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात हिराजी पाटलांसह ते पोलिसांच्या गोळीला बळी पडले. भूमिगत असतानाच्या त्या महिन्यांत या डोंगरांतल्या माणसांच्या भरवशावर ते राहिले. या भागात त्यांना सगळे ‘भाई’ म्हणतात.

शेलूचे नाव अलीकडे मुंबईच्या वर्तमानपत्रांत वारंवार झळकले ते ‘आपण कोणाचे’ या प्रश्नाच्या एका वेगळ्या रूपाने. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लक्ष गिरणीकामगार संपावर गेले. संप औपचारिकपणे कधी मिटलाच नाही, गिरण्या मात्र मिटल्या. त्या कामगारांना व त्यांच्या वारसांना घरे देण्याच्या प्रयत्नात शासनाने शेलू आणि वांगणी येथे मिळून सुमारे ८१,००० घरांची योजना पुढे केली, तेव्हा त्यांच्या संघटनांनी तिला तीव्र विरोध केला आणि जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर, भर पावसात, वृद्ध कामगार आणि त्यांच्या बायका ‘घर मुंबईतच’ म्हणून बसल्या. शेलूचा रहिवासी या नात्याने मला आपल्या गावाचा हा नकार प्रथम थोडा लागला, हे खरे. येथे नदी आहे, डोंगर आहे, मोकळी हवा आहे. मग माणसे येथे येण्यास इतकी नाखूष का?

उत्तर लालबाग-परळच्या जुन्या चाळींत आहे. कोकणातून किंवा घाटावरून आलेला मुलगा मुंबईत उतरला की तो शहरात जात नसे. तो आपल्या गावाच्या बैठकीच्या खोलीत जाई. एका खोलीत वीस-पंचवीस माणसे, पहिल्या पाळीचे कामावर गेले की दुसऱ्या पाळीचे त्याच जागेवर आडवे होत. प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी, एक वळकटी, भिंतीत कपडे टांगावयास एक खुंटी. जेवण खानावळीत, सकाळी कोणी डबा पोहोचवावयाचा, महिन्याच्या शेवटी हिशेब. नव्या मुलाला गिरणीत बदलीवर लावावयाचे काम जॉबर करी, पण त्याआधी खोलीतल्या म्हाताऱ्याने विचारलेले असे: कोणाचा रे तू? आणि तो बापाचे, आज्याचे, वाडीचे नाव सांगे. तेवढ्या उत्तरावर त्याला खुंटी मिळे. गणपतीचे मंडळ, भजनाची बारी, गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी, आजाऱ्याला केईएममध्ये नेणे, मेलेल्याला पोहोचविणे, हे सर्व त्या खोलीचे काम. आता त्या माणसाला सत्तराव्या वर्षी सांगितले जाते की तुझे घर साठ-सत्तर किलोमीटरांवर आहे. चार भिंती त्याला हव्यातच, आयुष्यभर त्या त्याला मिळाल्या नाहीत. परंतु ‘कोणाचा रे तू’ असे विचारणारे कोणी नव्या इमारतीच्या जिन्यात भेटेल की नाही, ही त्याची धास्ती हट्ट म्हणून उडवून लावण्यासारखी नाही.

आणि त्या इमारतींना लागणाऱ्या विटा याच तालुक्यांतल्या भट्ट्यांवर भाजल्या जातात. दिवाळी होऊन आठवडा लोटला, की पहाटे एक टेम्पो आमच्या जवळच्या कातकरवाडीच्या तोंडाशी येऊन उभा राहतो. हांडी, गोधड्या, कोंबड्यांची पाटी, पाठीशी बांधलेली पोरे असे सर्व त्यात चढते. जो म्हातारा मागे राहावयाचा तो झोपड्यांच्या दारांना काटेरी फांद्या लावीत फिरतो. मी एकदा त्याला विचारले की मंडळी परत कधी येतील. त्याने आभाळाकडे पाहून हात केला, म्हणजे पहिल्या पावसाला, आणि पुढच्या दारापाशी जाऊन तेथील काटेरी फांदी नीट रोवू लागला.